१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येला किती प्रश्न विचारता येतात?



मागच्या महिन्यात पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांशी बोलणं झालं. कोणी नांदेडचे, कोणी लातूरचे, एक-दोघं उदगीरकडचे. सगळ्यांचा प्रश्न फिरून एकच होता : "सर, विषय कसा निवडायचा? आणि निवडला तर त्यावर प्रश्न कसे काढायचे?" यावर संशोधन पद्धतीच्या पुस्तकात भरपूर लिहिलेलं असतं, पण ते वाचून हाती फारसं लागत नाही. म्हणून आज एक प्रयोग करू. एकच संख्या घेऊ आणि तिला एकामागून एक प्रश्न विचारत जाऊ. गणित दहावी-बारावीच्या पलीकडचं नाही. वही-पेन मात्र जवळ ठेवा.

संख्या ही :

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी आहे. डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. ही १११११११११ या नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग आहे. पुढे लिहायला सोपं जावं म्हणून मोठ्या संख्येला "म" म्हणू आणि नऊ एककांच्या संख्येला "ए९" म्हणू. म्हणजे म = ए९ × ए९. तसंच ए३ म्हणजे १११, ए१० म्हणजे दहा एकक.

या संख्येचा मराठी माणूस

म ही संख्या जगभर कोड्यांच्या सदरात फिरते. पण तिच्या घराण्याला नाव देणारा माणूस आपला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण ठाणे आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढचं औपचारिक शिक्षण नाही. १९३० ते १९६२ नाशिक-देवळालीकडे शाळामास्तर म्हणून नोकरी. १९८६ मध्ये देवळालीतच ते गेले.

६१७४ हा "कापरेकर स्थिरांक" तुम्ही ऐकला असेल. त्याच्या आधीच, १९३८ मध्ये, 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांचा "अद्भुत डेमलो संख्यां"वर लेख आला होता. डेमलो हे जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या स्टेशनचं नाव, म्हणजे आजचं डोंबिवली. कल्पना तिथे सुचली म्हणून नाव ते. १, १२१, १२३२१, १२३४३२१ ही त्यातली प्रसिद्ध रांग, आणि आपली म ही त्या रांगेतली नववी.

कापरेकरांनी संख्यांचे आणखी काही प्रकार सांगितले : हर्षद संख्या, स्वयंभू संख्या, आणि आज त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी कापरेकर संख्या. आपण म ला हे चारही प्रश्न विचारू. तू डेमलो आहेस हे कळलं, पण का? हर्षद आहेस का? स्वयंभू आहेस का? कापरेकर आहेस का? उत्तरं दोन "हो" आणि दोन "नाही" अशी येतात. गंमत अशी की प्रत्येक उत्तराला वेगळी पद्धत लागते.

प्रश्न १ : हा डोंगर तयार का होतो?

"१११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो" हे झालं निरीक्षण. कॅल्क्युलेटर ते देतो. (देतो का, हे पुढे बघू.) संशोधन "का?" पासून सुरू होतं.

छोट्या संख्येवर बघा. १११ × १११ आपण शाळेत जसं मांडायचो तसं मांडा :

१११
१११०
१११००

बेरीज करा. एककाच्या रकान्यात एकच १ आहे. दशकाच्या रकान्यात दोन. शतकात तीन. मग पुन्हा दोन, मग एक. म्हणून १२३२१. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक त्या रकान्यात किती एक आले ते मोजतोय. नऊ ओळी मांडल्या तर रकान्यांची उंची १, २, ३ करत ९ पर्यंत चढते आणि तशीच उतरते.

आता बहुपदीच्या भाषेत तेच. (१ + क्ष + क्ष^२ + … + क्ष^८) चा वर्ग केला तर सहगुणक १, २, ३, …, ९, …, ३, २, १ असे येतात. क्ष च्या जागी १० ठेवा, म मिळते. पण इथे एक अट लपलेली आहे : सहगुणक जसेच्या तसे अंक बनतात, कारण त्यातला सर्वात मोठा ९ आहे. कुठेही हातचा येत नाही.

मग दहा एकक घेतले तर? मधला सहगुणक १० होतो, हातचा येतो, आणि डोंगराचं शिखर कोसळतं :

ए१० चा वर्ग = १२३४५६७९००९८७६५४३२१

मधे बघा : ७ नंतर ८ गायब, ९ आणि मग दोन शून्यं. १० चं ० झालं आणि हातचा १. पुढच्या रकान्यातल्या ९ ला तो मिळाला, पुन्हा १०, पुन्हा ०, पुन्हा हातचा १. तो ८ ला मिळाला, झाले ९. तिथे गाडी थांबली. एकूण हातचे दोन.

याच्यातून एक छान नियम निघतो. हातचा येतो तेव्हा एका रकान्यातून १० जातात आणि पुढच्या रकान्यात १ येतो. म्हणजे प्रत्येक हातच्याला अंकांची बेरीज ९ ने घटते. ए१० च्या अंकांची बेरीज १०, तिचा वर्ग १००. हातचे दोन, म्हणून १०० − १८ = ८२. वरच्या संख्येचे अंक मिळवून बघा, ८२ च येतात. म मध्ये हातचा नाहीच, म्हणून तिथे बेरीज बरोबर ९ चा वर्ग, म्हणजे ८१.

इथे लक्ष द्या. आपण सुरुवात एका संख्येपासून केली आणि कुठल्याही गुणाकाराला लागू पडणारा नियम हाती आला. आणि तो हाती आला कधी? तर नमुना जिथे *मोडतो* तिथे जाऊन बघितल्यावर. तुमच्या विषयातही हेच करा. नमुना दिसला की आनंद माना, पण लगेच विचारा की हा कुठे मोडेल.

जाता जाता : १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १ हे आकडे कुठे पाहिलेत का? सहा एककांचा वर्ग १२३४५६५४३२१ आहे. लुडोचे दोन फासे टाकले तर बेरीज २ येण्याचा एक मार्ग, ३ येण्याचे दोन, ७ येण्याचे सहा, १२ येण्याचा एक. तेच आकडे! कारण गणित तेच आहे, तीच बहुपदी तिथेही स्वतःशी गुणली जाते. नऊ बाजूंचे दोन फासे असते, तर एकूण ८१ शक्यतांचं वाटप आपल्या म च्या अंकांनी सांगितलं असतं. संख्याशास्त्रवाल्यांनी हे लक्षात ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडेल.

प्रश्न २ : म हर्षद आहे का?

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते ती हर्षद. उदाहरणार्थ १८ : १ + ८ = ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. हर्ष देणारी ती हर्षद, हे कापरेकरांचं नाव. बाहेर बरेच जण हिला "निव्हेन संख्या" म्हणतात, आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ च्या एका व्याख्यानावरून.

म च्या अंकांची बेरीज ८१. मग म ला ८१ ने भाग जातो का? भागाकार करायची गरज नाही. ए९ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून ए९ ला ९ ने भाग जातो. म हा त्याचा वर्ग, म्हणून म ला ८१ ने भाग जातो. झालं. उत्तर "हो".

भागाकार किती येतो तेही बघण्यासारखं आहे. ए९ ÷ ९ = १२३४५६७९. यात ८ नाही! म्हणून म ÷ ८१ = १२३४५६७९ चा वर्ग = १५२४१५७८९९७१०४१. हा ८ कुठे गेला? तोच हातचा. ए१० च्या वर्गात ज्याने ८ खाल्ला, त्यानेच इथेही खाल्ला. १ ला ८१ ने भागलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं येतं, तिथेही ८ नाही. तीन ठिकाणी दिसणाऱ्या गोष्टीचं कारण एकच निघणं, याला मी समजणं म्हणतो.

थोडं थांबून : म चे अवयव पाडू

पुढच्या प्रश्नांआधी म चे मूळ अवयव काढून ठेवू. नऊ एकक तीन-तीनच्या गटात वाचा : १११ १११ १११. म्हणजे ए९ = १११ × १००१००१. त्यात १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून

ए९ = ३^२ × ३७ × ३३३६६७
म = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२

म चे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग असल्यामुळे ही संख्या विषम आहे, तसंच असायला हवं.

पण ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे कशावरून? नेहमीची पद्धत अशी : वर्गमूळ साधारण ५७७.६, म्हणून ५७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून बघा. त्या आहेत १०६. परीक्षेत एवढा वेळ कोणाकडे असतो? थोडा विचार केला तर काम १७ वर येतं.

समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ लाही भागते, म्हणजे १०^६ + १०^३ + १ ला. आणि (१०^३ − १) × (१०^६ + १०^३ + १) = १०^९ − १, म्हणून १०^९ ला प ने भागलं तर बाकी १. आता १० चा कितवा घात पहिल्यांदा बाकी १ देतो? तो आकडा ९ चा विभाजक हवा : १, ३ किंवा ९. तो १ किंवा ३ असेल तर १०^३ ची बाकी १, मग १०^६ + १०^३ + १ ची बाकी ३, आणि ती शून्य असायची तर प = ३. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, तिला ३ ने भाग जात नाही. म्हणून तो आकडा ९ च. फर्माच्या लहान प्रमेयानुसार मग ९ हा प − १ ला भागतो. प विषम आहे, म्हणून १८ सुद्धा भागतो.

म्हणजे १८ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या : १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा भागाकार. मी हाताने केले आहेत, एकानेही भाग जात नाही. ३७ ने भागलं तर बाकी १ उरते, अगदी थोडक्यात हुकतं. तेव्हा ३३३६६७ मूळ संख्या आहे, हे सिद्ध झालं.

याचा एक बोनस : १ ला ३३३६६७ ने भागलं की ०.०००००२९९७ हे नऊ अंक पुन्हा पुन्हा येतात, आणि ज्या मूळ संख्येचा असा आवर्ती गट बरोबर नऊ अंकांचा आहे अशी ही *एकमेव* मूळ संख्या. कारण १०^९ − १ चे मूळ अवयव फक्त ३, ३७ आणि ३३३६६७. त्यात ३ चा गट एक अंकी, ३७ चा तीन अंकी.

प्रश्न ३ : म स्वयंभू आहे का?

एखादी संख्या घ्या आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा. १२ घेतले तर १२ + ३ = १५. म्हणजे १५ चा जनक १२. ज्या संख्येला असा जनकच नाही ती स्वयंभू. २० घ्या : कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० येत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी गावावरून "देवळाली संख्या" असंही नाव दिलं होतं.

मग म ला जनक आहे का? बारा हजार तीनशे लाख कोटींच्याही पुढच्या संख्येसाठी जनक शोधायचा म्हणजे कुठे कुठे शोधणार? पण शोधाची जागा आधी आवळता येते, आणि संशोधनात हे कौशल्य फार लागतं.

जनक म पेक्षा लहान, म्हणजे जास्तीत जास्त सतरा अंकी. त्याच्या अंकांची बेरीज फार तर १७ × ९ = १५३. म्हणून जनक म च्या मागे १५३ च्या आतच कुठेतरी. म चे शेवटचे तीन अंक ३२१. त्यातून १५३ वजा केले तरी १६८ उरतात, म्हणजे पहिल्या चौदा अंकांना धक्काच लागत नाही. ते अंक १२३४५६७८९८७६५४, त्यांची बेरीज ७५.

जनकाचे शेवटचे तीन अंक मिळून जी संख्या होते तिला त म्हणू. मग त + ७५ + (त च्या अंकांची बेरीज) = ३२१ हवं. म्हणजे

त + (त च्या अंकांची बेरीज) = २४६

सतरा अंकी प्रश्न तीन अंकी झाला! आता त च्या अंकांची बेरीज फार तर २७, म्हणून त हा २१९ आणि २४६ च्या मधे. शिवाय संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ ने भागून येणारी बाकी सारखीच असते, म्हणून त च्या दुपटीची बाकी २४६ च्या बाकीएवढी, म्हणजे ३. त्यासाठी त ची बाकी ६ हवी. उरले तीनच उमेदवार : २२२, २३१, २४०. पहिल्याचे २२८ होतात, दुसऱ्याचे २३७, आणि तिसऱ्याचे बरोबर २४६.

म्हणून म चा जनक आहे, आणि एकच आहे : १२३४५६७८९८७६५४२४०. त्याच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवले की म. म स्वयंभू नाही. उत्तर "नाही", पण हे "नाही" रिकाम्या हाताचं नाही. पुरावा आपण हजर केला.

प्रश्न ४ : म कापरेकर संख्या आहे का?

४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. अशा संख्या त्या कापरेकर संख्या : वर्ग करा, उजवीकडून मूळ संख्येइतके अंक तोडा, दोन्ही तुकडे मिळवा, मूळ संख्या परत.

म चा वर्ग तेहतीस अंकी होतो. तो काढून तुकडे करून बघता येईल, पण तो झाला हमालीचा मार्ग. दुसरा मार्ग बघा. डावा तुकडा अ, उजवा ब. म^२ = अ × १०^१७ + ब, आणि म = अ + ब हवं. वजाबाकी केली तर म × (म − १) = अ × (१०^१७ − १). म्हणून १०^१७ − १, आणि त्याचा अवयव असलेला ए१७ (सतरा एकक), यांनी म × (म − १) ला भाग गेला पाहिजे.

आता ए१७ आणि ए९ यांचा मसावि काढा. ए१७ ला ए९ ने भागलं तर बाकी ए८. ए९ ला ए८ ने भागलं तर बाकी १. मसावि १. म्हणून ए१७ आणि म यांच्यात सामाईक अवयव नाही, आणि ए१७ ने सगळाच्या सगळा भाग म − १ ला जायला हवा. पण म − १ = १२३४५६७८९८७६५४३२०, ए१७ = १११११११११११११११११. म − १ हा ए१७ पेक्षा मोठा आणि त्याच्या दुपटीपेक्षा लहान. भाग जाणं शक्यच नाही. म कापरेकर संख्या नाही.

तिसऱ्या प्रश्नात "आहे" दाखवायला एक उदाहरण पुरलं. इथे "नाही" दाखवायला युक्तिवाद लागला. दोन्ही पुरावेच, पण जात वेगळी.

हे कॉम्प्युटरवर करून बघणाऱ्यांसाठी सूचना

एक्सेलमध्ये १११११११११ चा वर्ग करा आणि पेशी रुंद करून पूर्ण अंक बघा. १२३४५६७८९८७६५४३०० दिसेल. शेवटचे २१ गेले! एक्सेल १५ अंकच सांभाळतं. पायथॉनमध्ये पूर्णांक म्हणून केलं तर अचूक उत्तर येतं, पण तीच संख्या दशांश चिन्ह देऊन लिहिली तर शेवटचा १ जाऊन ० होतो. कारण अशा दशांश संख्यांच्या साठवणीत पूर्णांक सलगपणे अचूक बसतात ते २^५३ पर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत. म त्याच्या पुढे आहे. त्या टप्प्यात फक्त सम पूर्णांकांना जागा आहे, आणि म विषम.

हे गणितवाल्यांपुरतं नाही. लांबलचक ओळख क्रमांक असलेला डेटा एक्सेलमध्ये उघडला की शेवटचे अंक असेच शून्य होतात, आणि एरर येत नाही. असे रकाने आधी "टेक्स्ट" म्हणून घ्या.

पण हे संशोधन आहे का?

हा खरा अवघड प्रश्न आणि तो टाळून चालणार नाही. जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचं उदाहरण दिलंय. चार अंकी संख्यांमध्ये या दोनच अशा, की ज्या स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत आहेत (८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९). हार्डींचं म्हणणं असं की कोड्याच्या सदराला हे ठीक, गणितज्ञाला यात रस वाटावा असं काही नाही. कापरेकरांच्या कामाकडेही आपल्याकडे अनेक वर्षं याच नजरेने बघितलं गेलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगात नाव झालं.

हार्डींचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. म च्या गुणांचे दोन ढीग करा. पूर्ण वर्ग असणं, ४५ विभाजक असणं, ३३३६६७ हा अवयव असणं : हे संख्येचे स्वतःचे गुण, कुठल्याही पद्धतीत लिहा, बदलत नाहीत. पण दोन्हीकडून सारखी वाचली जाणं, अंकांची बेरीज, जनक : हे सगळं आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून. म ही नऊच्या पायावर लिहा. तिला ८१ ने भाग जातो, म्हणून शेवटी दोन शून्यं येतील, आणि सुरुवातीला शून्य असू शकत नाही; डोंगर गेला! पाया दहा असणं हा आपल्या बोटांचा योगायोग आहे.

मग दुसरा अर्धा? जेव्हा प्रश्न एका संख्येवरून सर्व संख्यांकडे जातो, तेव्हा तो गंभीर होतो. सलग किती हर्षद संख्या येऊ शकतात? कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये दाखवलं की सलग वीस येऊ शकतात, एकवीस कधीच नाही. एखाद्या मोठ्या मर्यादेपर्यंत एकूण हर्षद संख्या साधारण किती, याचं सूत्र द कोनिंक, दोयाँ आणि काताई यांनी २००३ मध्ये सिद्ध केलं. कापरेकर संख्यांचा संबंध १०^न − १ च्या अवयवांशी कसा आहे, हे इआनुच्ची यांनी २००० मध्ये दाखवलं. चौथ्या प्रश्नात आपण वापरलेली कल्पना त्याच दिशेची. आणि नुसत्या एककांच्या संख्यांमध्ये मूळ संख्या अनंत आहेत का, हे आजही कोणाला माहीत नाही. ए२, ए१९, ए२३ मूळ आहेत. ए४९०८१ मूळ असल्याचं २०२२ मध्ये सिद्ध झालं. पुढचा रस्ता उघडा आहे.

म्हणजे देवळालीच्या मास्तरांनी वहीत मांडलेले प्रश्न बरोबर होते. त्यांच्यापाशी विद्यापीठाची नोकरी नव्हती, पदव्युत्तर पदवी नव्हती. प्रश्न विचारायला त्यातलं काही लागलं नाही. उत्तरं व्यापक करायला मात्र इतरांची साधनं लागली, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवा, म्हणजे न्यूनगंड येणार नाही आणि फुकटचा गर्वही.

आपल्यासाठी यात काय?

आपण लातूर पॅटर्नच्या हवेत वाढलेली पोरं. तीन तासांत जास्तीत जास्त प्रश्न, एका प्रश्नाला दीड मिनिट, अडलं तर पुढे. पेट-सेट-नेटला ते कामाला येतं, त्याला नावं ठेवणार नाही. पण पीएच.डी.त उलटं असतं. एकाच गोष्टीपाशी महिनोन्महिने बसावं लागतं आणि प्रश्नही स्वतःच काढावे लागतात. म वर आपण जे केलं त्याचा आराखडा असा :

१. काय दिसतंय? (डोंगर.)
२. का? (रकान्यांची उंची, हातचा नाही.)
३. कुठे मोडतं? (दहा एककांवर.)
४. शोधाची जागा आवळता येते का? (सतरा अंकांवरून तीन, १०६ भागाकारांवरून १७.)
५. हा गुण वस्तूचा, की आपल्या मोजण्याच्या पद्धतीचा? (नऊचा पाया.)
६. एकाकडून सर्वांकडे कसं जायचं?

यातला पाचवा प्रश्न रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मातीपरीक्षण, कुठल्याही विषयाला विचारा. मिळालेला फरक नमुन्यात आहे की उपकरणात? गाईडने विचारण्याआधी स्वतःला विचारलेला बरा.

घरी करून बघा

१. आठ एककांचा वर्ग १२३४५६७८७६५४३२१. ही हर्षद आहे का? (अंकांची बेरीज ६४. संख्या सम आहे की विषम, तेवढं बघा.)
२. बारा एककांच्या वर्गात किती हातचे येतील? आधी अंदाज बांधा, मग अंकांच्या बेरजेवरून पडताळा.
३. १२३२१ ला जनक आहे का? वरचीच पद्धत वापरा.
४. सोळाच्या पायावर लिहिलं तर डोंगर किती एककांपर्यंत टिकेल?

उत्तरं पुढच्या पोस्टमध्ये देतो. कोणी तिसऱ्याचं उत्तर आधी पाठवलं तर फक्त आकडा नको, कारणही लिहा. कारणाशिवाय आकडा मी धरणार नाही, आणि तुमचा गाईडही धरणार नाही.

भेटू.